कुलूप भक्कम, पण पेटीत काय आहे?

२०२२ साली गडचिरोलीच्या एटापल्लीत ६५ हजार जातीचे दाखले ब्लॉकचेनवर न्यायचं काम सुरू झालं. 'खोट्या दाखल्यांना आळा' म्हणून कौतुकही झालं. जरा थांबा राव.

ब्लॉकचेन काय करते? एकदा झालेली नोंद नंतर कुणी गुपचूप बदलली, तर ते उघडं पडतं. म्हणजे कुणी घरच्या प्रिंटरवर काढलेला बनावट दाखला पकडला जाईल. हे चांगलंच आहे, नाकारत नाही.

पण खोटी वंशावळ जोडून, खऱ्या कार्यालयातून, खऱ्या सहीनिशी निघालेल्या दाखल्याचं काय? ब्लॉकचेनला तो खराच दिसणार! खरं-खोटं ठरवते ती जात पडताळणी समिती, म्हणजे माणसंच. खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी टिकणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच बजावलं. तरी पडताळणीच रखडली, तर त्या निकालाचा उपयोग काय?

आणि ज्या माडिया पोराच्या आज्याकडे १९५० च्या आधीचा एकही कागद नाही, त्याला ब्लॉकचेन काय देणार? त्याला हवा गावात येऊन चौकशी करणारा माणूस.

ब्लॉकचेन ठेवा, खुशाल ठेवा. पण आधी समित्यांना माणसं द्या, निकालाची मुदत पाळा, चुकलेली नोंद दुरुस्त करायचा सोपा रस्ता ठेवा. नाहीतर साहेब, आजवर चूक निदान कागदावर होती, उद्या ती दगडावर कोरलेली असेल. आणि 'सिस्टीममध्ये असंच आहे' हे उत्तर ऐकायला आपणच रांगेत उभे असू.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा.