परिचारिकेचा पहिला पगार

आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर आहे) साखर कामगाराचा पगार कसा ठरतो, हे कारखान्याच्या परिसरातील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. कारखानदार, कामगार संघटना व शासन यांची समिती बसते, महिनोन्‌महिने घोळ चालतो, मोर्चे निघतात आणि अखेर त्रिपक्षीय करार होतो. त्या करारात उणिवा आहेत आणि कित्येक कारखाने तो वेळेवर पाळत नाहीत, हे आम्ही जाणतो. तरीही आपली श्रेणी कोणती व तिचा आकडा काय, हे विचारण्याचा हक्क कामगाराला त्यातून लाभला.

याच जिल्ह्यात तीन वर्षांचा जीएनएम वा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा केलेली शेतकऱ्याची मुलगी खाजगी रुग्णालयाच्या दारी उभी राहते, तेव्हा तिचा पगार कोण ठरवतो? मालक डॉक्टर किंवा त्यांचा व्यवस्थापक, आणि तोही तोंडी. ‘अनुभव नाही’ एवढ्या दोन शब्दांत तिच्या शिक्षणाची किंमत होते. नेमणुकीचे पत्र मागणे हा उद्धटपणा मानला जातो. कोठे मूळ प्रमाणपत्रे ‘सुरक्षिततेसाठी’ ठेवून घेतली जातात, म्हणजे मुलीला दुसरीकडे जाता येऊ नये. अनुभव नसलेल्या या परिचारिकेवर रातपाळीला अख्खा कक्ष सोपविताना मात्र अनुभवाची आठवण कोणास होत नाही!

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर लिहून तयार आहे. भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये निर्देश दिले आणि केंद्र सरकारला तज्ज्ञ समिती नेमावी लागली. समितीने सूत्र दिले ते असे : दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात परिचारिकेला राज्य शासनाच्या परिचारिकेइतके वेतन असावे; शंभरहून अधिक खाटा असल्यास ते फार तर दहा टक्क्यांनी, पन्नास ते शंभर खाटा असल्यास फार तर पंचवीस टक्क्यांनी कमी असावे; आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही ते २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये. महाराष्ट्रात शासकीय अधिपरिचारिकेची श्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. केवळ मूळ वेतन धरले तरी दुसऱ्या गटातील परिचारिकेला ३१,८६० आणि तिसऱ्या गटातील परिचारिकेला २६,५५० रुपये मिळावयास हवेत. आमच्या वाचकांनी आपल्या नात्यातील वा शेजारच्या ‘सिस्टर’ला तिचा पगार विचारावा आणि हे आकडे तिला सांगावेत. तिच्या चेहऱ्यावर जे उमटेल त्याहून अधिक भाष्याची गरज नाही.

परंतु सूत्राला कायद्याचे बळ मिळाले नाही. आरोग्य हा राज्यांचा विषय, असे म्हणून केंद्राने ते राज्यांकडे धाडले. केरळात काय झाले? तेथे परिचारिका २०१७ मध्ये रस्त्यावर उतरल्या. एप्रिल २०१८ मध्ये चेरथला ते तिरुवनंतपुरम असा त्यांचा मोर्चा निघणार होता. तो निघण्याच्या आदल्या दिवशी सरकारने खाजगी परिचारिकांसाठी २०,००० रुपयांच्या किमान वेतनाची अधिसूचना काढली. असे वेतन ठरविण्याचा अधिकार १९४८ च्या कायद्याने महाराष्ट्र सरकारलाही होता आणि आजच्या वेतन संहितेतही तो आहे.

छोट्या रुग्णालयांची अडचण आम्ही नाकारीत नाही. दहा-पंधरा खाटांचे रुग्णालय चालविणाऱ्या तालुक्याच्या गावातील डॉक्टर दांपत्याला कर्जाचे हप्ते असतात. पण समितीने पायऱ्या लावल्या त्या याचसाठी. शिवाय यंत्राचा हप्ता ठरल्या तारखेस जातो. ओढाताण झाली की कात्री लागते ती परिचारिकेच्या पगारालाच. मोठ्या संस्थांना तर हीही सबब नाही. या जिल्ह्यात साखर कारखाना, रुग्णालय व नर्सिंग महाविद्यालय यांच्या मागे पुष्कळदा एकच नेतृत्व असते. विद्यार्थिनीचे शुल्क लेखी व पावतीनिशी घेणाऱ्यांना तिचा पगारही लेखी ठरविता येईल. त्रिपक्षीय बैठकीत बसायचे कसे, हे त्यांना शिकवावे लागणार नाही.

‘ही सेवा आहे, नोकरी नव्हे’ असे सुभाषित वेतनाची मागणी आली की हटकून ऐकू येते. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ कोरोनाग्रस्त रुग्ण दगावले. त्यानंतर काही दिवसांतच एका वैद्यकीय अधिकाऱ्यासह तीन परिचारिकांना अटक झाली. दोषादोषाच्या चर्चेत आम्ही येथे शिरत नाही. त्या सरकारी सेवेत होत्या, हेही खरे. परंतु परिचारिकेची जबाबदारी फौजदारी कलमांनी मोजण्याइतकी मोठी आहे, हे शासनाने तेव्हा मान्य केले. पगार ठरविताना तीच जबाबदारी लहान कशी होते?

आता थोडे आपल्या घराकडे. हमाल, विडी कामगार, साखर कामगार यांच्यासाठी आपल्या चळवळीने आयुष्ये वेचली. खाजगी रुग्णालयातील परिचारिका मात्र आपल्याला कामगार म्हणून दिसलीच नाही. पांढऱ्या गणवेशाने आपलीही फसगत केली. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी महिनाभरात आपल्या गावच्या खाजगी रुग्णालयांतील खाटांची संख्या, परिचारिकांची संख्या, त्यांचे वेतन व नेमणुकीचे पत्र दिले आहे वा नाही, एवढी माहिती परिचारिकांचे नाव न घेता गोळा करावी. नोकरी जाईल या धास्तीने मुली प्रथम बोलणार नाहीत. म्हणून रुग्णालयात न जाता त्यांच्या घरी, आईवडिलांच्या देखत बोलावे. ही माहिती घेऊनच कामगार आयुक्तांकडे व जिल्ह्यातील आमदारांकडे जावयाचे आहे.