माळवदावरच्या मातीचा हिशेब

मृग तोंडावर आला की अणदूरच्या पेठेत तीन वस्तूंची मागणी एकदम वाढते: ताडपत्री, डांबराचा डबा आणि पांढऱ्या मातीची ट्रॉली. पहिल्या दोन वस्तू दुकानात मिळतात, तिसरीसाठी ट्रॅक्टरवाल्याच्या मागे लागावे लागते. ज्यांच्या घरावर स्लॅब आहे ते या धावपळीकडे लांबून पाहतात. ज्यांच्या घरावर अजून माळवद आहे, त्यांना मात्र दरवर्षी हा खर्च चुकत नाही. मृगाच्या आधी लाकडी छत बुजवून घेतले नाही तर आषाढात भांडी मांडून रात्र काढावी लागते.

या खर्चाबद्दल आमचे मत अनेकांना आवडणार नाही. दरवर्षी मातीचा एक थर टाकून माळवद गळायचे थांबवणे हा सर्वात स्वस्त उपाय आहे असे आपण समजतो. आमच्या मते तो सर्वात महाग उपाय आहे, कारण त्याचा निम्मा खर्च वहीत कधी लिहिलाच जात नाही.

नव्या पिढीसाठी माळवद म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. दगड-मातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट किंवा किलच्या, त्यावर पाला किंवा तुरीच्या काड्या, त्यावर चिखलाचा गिलावा आणि सर्वात वर पांढरी माती. एका बाजूला हलका उतार आणि पाणी बाहेर टाकणारी पन्हाळ. सोलापूरपासून मराठवाड्यापर्यंतच्या कमी पावसाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या हेच छप्पर चालत आले. उन्हाळ्यात बाहेर अंग भाजत असताना माळवदाखाली बसून पाहा, पत्र्याच्या घरातील माणूस आणि आपण यांतला फरक लगेच कळतो. सागवानी कडीपाट नीट जपला तर तो नातवापर्यंत टिकतो.

वरची माती कोणतीही चालत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हात तडकते आणि पुढच्या सरीचे पाणी त्या भेगांतून सरळ लाकडावर जाते. म्हणून जुने लोक गावठाणाच्या पांढरीची किंवा चोपण, खारवट जागेची माती आणत. चोपण मातीत सोडियमचे क्षार जास्त असतात. पाणी लागले की तिचे बारीक कण सुटे होतात आणि आपली सगळी छिद्रे बंद करून टाकतात. शेतकरी याच मातीला शिव्या घालतो, कारण शेतात पाणी मुरत नाही. छपरावर आपल्याला तेच हवे असते. कोणत्याही कंपनीचे नाव न लावलेले हे वॉटरप्रूफिंग आहे, आणि ते मुळात चांगलेच आहे. आमचे भांडण मातीशी नाही, तिच्या जाडीशी आहे.

आता हिशेब मांडू. बांधकामाच्या धंद्यातील प्रत्येकाला ब्रास ठाऊक आहे, ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती असली तर ती बरोबर एक ब्रास भरते. कोरड्या, चोपलेल्या मातीचे वजन घनमीटरला साधारण सोळाशे किलो धरले तर एक ब्रास म्हणजे साडेचार टन. तेवढ्याच खोलीवरचा पाच इंची स्लॅब तीन टनांच्या आसपास भरतो. म्हणजे ज्याला आपण मातीचे हलके-फुलके घर म्हणतो, त्याचे छप्पर काँक्रीटपेक्षा दीडपट जड निघते. भिजलेली माती आणखी जड होते ते वेगळेच. शिवाय स्लॅब सळईने बांधलेला एकसंध असतो. माती फक्त ठेवलेली असते.

दरवर्षी जुना थर न काढता वर एक इंच नवा टाकला, तर बारा वर्षांत फूटभर माती चढते. काही पावसाने धुऊन जाते हे खरे, पण टाकणाऱ्याचा हात नेहमी सढळ असतो. गळते त्या जागी तर दोन पाट्या जास्तच पडतात. थर काढायला कोणीच तयार नसते. काढायचे तर मजुरी वाढते, मध्येच वळीव आला तर घर उघडे पडते, आणि घर तीन भावांत सामाईक असेल तर काढायचे कोणी यावरच एक पावसाळा निघून जातो. म्हणून थरावर थर. आजोबांची माती, वडिलांची माती आणि वर आपली माती.

याचे बिल या जिल्ह्याला एकदा आले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते, माणसे थकून गाढ झोपली होती. किल्लारी अणदूरपासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही नाही. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सरकारी गणतीनुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाची ताकद ६.२ च्या आसपास होती, जगात यापेक्षा मोठे भूकंप दरवर्षी होतात. एवढी माणसे का गेली, याचा अभ्यास करणाऱ्या अभियंत्यांचे बोट दोन गोष्टींकडे गेले. दगडी भिंतींच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला आरपार जोडणारे दगड नव्हते, म्हणून भिंती उभ्या फाकल्या. आणि डोक्यावर फूट-दोन फूट मातीचे माळवद होते, ते खाली आले. माणसे मातीखाली गुदमरली. आपला भाग तेव्हा देशाच्या नकाशावर भूकंपाच्या सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता, म्हणून कोणाला फारशी भीतीही नव्हती.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र लोकांच्या लक्षात राहिली नाही. जिथे लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा भक्कम होता, तिथे भिंती बाहेर पडूनही अनेक ठिकाणी सांगाडा उभा राहिला आणि आतली माणसे वाचली. मारले ते दगडाने आणि मातीने. लोकांनी धसका घेतला तो मात्र पूर्ण घराचा, लाकडासकट. बावन्न गावे नव्या जागी वसली. बाकीच्या हजारो गावांत दुरुस्ती आणि मजबुतीसाठी जागतिक बँकेच्या मदतीने पैसे वाटले गेले. छपराचे वजन कमी करा, भिंतीत जोडदगड घाला, हे त्या कामातले साधे सल्ले होते. पण बहुतेकांनी आलेल्या पैशातून जुन्या घराला हात न लावता शेजारी एक नवी खोली उभी केली. माणूस नव्या खोलीत झोपला. धान्य, गुरे, म्हातारी माणसे आणि पुढे भाडेकरू जुन्याच माळवदाखाली राहिले. आम्ही त्यांना दोष देत नाही. घाबरलेल्या माणसाला नवी भिंत हवी असते. पण त्या जुन्या माळवदांवर त्यानंतरही प्रत्येक मृगाला माती चढतच राहिली.

आम्ही हे सगळे लांबून सांगत नाही. आमच्या स्वतःच्या घरावर वीस बाय वीस फुटांचे माळवद आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्यात मधल्या खणातली एक तुळई दबल्यासारखी दिसू लागली. सुताराने वर जाऊन पहारीने खड्डा घेतला. माती सरासरी दीड फूट निघाली. चारशे चौरस फुटांवर दीड फूट म्हणजे सहा ब्रास, म्हणजे सत्तावीस टन कोरडी माती, आणि ती त्या दिवशी कोरडी मुळीच नव्हती. त्याखाली आमची आई रोज दुपारी आडवी होते. त्या रात्री आम्ही तिची बाज अंगणातल्या पत्र्याखाली हलवली. तिला कारण सांगितले नाही. तिने विचारलेही नाही.

दिवाळी झाल्यावर काम काढले. वहीतला खर्च जसाच्या तसा देतो. चार ब्रास माती उतरवायला सहा मजूर चार दिवस, रोजी सहाशे, एकूण १४,४००. माती हलवायला ट्रॅक्टरच्या पाच खेपा, ४,०००. कुजलेल्या फळ्या आणि एक तुळई बदलायला लाकूड धरून सुताराचे ९,०००. जाड प्लास्टिकचा कागद २,५००. वरच्या थरासाठी पांढऱ्या मातीची एक ट्रॉली २,८००. अंथरणे, चोपणे, उतार काढणे याची मजुरी ४,८००. एकूण ३७,५००. आता छपरावर एकंदर सहा इंच माती आहे, म्हणजे दोन ब्रास, नऊ टन. अठरा टन ओझे उतरले. दोन मालट्रक भरतील एवढे.

याआधी आम्ही दरवर्षी काय करत होतो? शेजाऱ्यांबरोबर निम्मी ट्रॉली, १,४००, आणि चार मजूर एक दिवस, २,४००. म्हणजे ३,८००. दहा वर्षांचे झाले अडतीस हजार. जेवढ्यात ओझे उतरले, तेवढेच पैसे आम्ही ओझे चढवण्यासाठी दिले होते, आणि तरीही घर गळतच होते, कारण पाणी आत शिरत होते ते पन्हाळीजवळच्या एकाच भेगेतून. ती भेग बुजवायला एक पाटी माती पुरली असती.

स्लॅबच का नाही, असे आम्हाला निम्म्या गावाने विचारले. एका ठेकेदाराकडून अंदाज घेतला. दगड-मातीच्या भिंतींवर स्लॅबचा भार टाकता येत नाही, म्हणजे सगळे पाडून खांबापासून उभारायचे, सात लाखांच्या वर. घरकुल योजनेतून ग्रामीण भागात घरासाठी मिळणारे मूळ अनुदान एक लाख वीस हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला ही चांगली गोष्ट झाली, पण त्याने सात लाखांचे पाच लाख होत नाहीत. उरलेली रक्कम कुठून आणायची? गावात शेकडा तीनने देणारे बसलेलेच आहेत. महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस. गळक्या घरातून निघून व्याजात बुडण्यात आम्हाला काही शहाणपण दिसत नाही. ज्याच्या हातात पैसा आहे त्याने जरूर बांधावे, आम्ही स्लॅबचे वैरी नाही.

आणि स्लॅबवाल्यांनीही फार हसू नये. स्लॅब गळू लागला की वर विटांच्या तुकड्यांचा कोबा येतो, दहा बाय दहाला त्याचे दोन टनांच्या आसपास. तो तडकला की तो न काढता त्यावर दुसरा कोबा. वस्तू बदलली, खोड तीच.

पत्र्याबद्दल एकच सांगतो. पत्रा हलका आहे, पण वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवायची आपली पद्धत जीवघेणी आहे. हूक आणि नटबोल्टचे चार पैसे वाचवू नयेत.

माळवद ठेवणाऱ्यांनी प्लास्टिकच्या कागदाबाबतही जपावे. तो लाकडाच्या लगत, पहिल्या पातळ गिलाव्यावर, उताराला धरून अंथरायचा आणि वर माती घालायची. सध्या लोक जुन्या दीड फूट मातीवर कागद टाकतात आणि वर नवी माती. आतली ओल आतच कोंडते, लाकूड खालून वाळवीला आणि वरून बुरशीला मिळते. पेठेत कागद विकणाऱ्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला एवढे सांगितले तर त्याचा माल काही कमी खपणार नाही. डांबर लाकडाच्या टोकांना, म्हणजे तुळई भिंतीत शिरते तिथे लावावे. मातीवर डांबर ओतणे म्हणजे पैसे ओतणे.

पैशाची सोय कठीण नाही. दहा घरांनी भिशी धरली आणि दरमहा प्रत्येकी चार हजार टाकले, तर दर महिन्याला एका घराचे माळवद उतरते आणि दहा महिन्यांत गल्ली मोकळी होते, बिनव्याजी. मजुरांची एकच टोळी सलग कामाला लागली तर तिची रोजीही घासाघीस करून ठरवता येते. पावसाळ्याचे महिने सोडून भिशीचा नंबर लावावा. ज्याच्या तुळया दबल्या आहेत, त्याला पहिला नंबर द्यावा, चिठ्ठी काढत बसू नये.

गवंडी आणि सुतार बांधवांनाही यात काम आहे. चोपणी धरून उतार काढणारे हात या भागात आता थोडे उरले आहेत. पाण्याला वाट कशी द्यावी हे ज्या मुलखाला ठाऊक होते, नळदुर्गच्या किल्ल्यात १६१३ साली बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधून वरून धबधबा सोडला तरी आत माणूस कोरडा उभा राहील अशी करामत ज्याने केली, त्या मुलखात आज एक पन्हाळ नीट बसवणारा मिस्त्री शोधायला आम्हाला पंधरा दिवस लागले. मुलांनी हे काम शिकावे. त्याला आज गिऱ्हाईक आहे आणि वर्षातले आठ महिने आहे.

आमची माती उतरत असताना रोज कोणी ना कोणी पाहायला यायचे. तिसऱ्या दिवशी जुन्या लाकडाचा एक व्यापारी आला. हे लोक पडक्या वाड्यांचे सागवान उचलतात आणि शहरात त्याच्या टेबल-खुर्च्या होतात. त्याने खालून तुळया न्याहाळल्या, नखाने एक खरवडली आणि सगळ्या लाकडाचे दीड लाख बोलला. आम्ही हसलो, तर एक लाख ऐंशी. ज्या छपराला आम्ही ओझे समजत होतो, त्याच्या खाली एवढी रक्कम टांगलेली होती आणि आम्ही ती दरवर्षी भिजवत होतो. लाकूड विकले नाही. आई आता पुन्हा मधल्या खणात झोपते. उतरवलेली माती शेतात टाकता येत नव्हती, चोपण आहे, म्हणून गल्लीच्या तोंडाशी जिथे दर पावसाळ्यात डबके साचते तिथे पसरली. शेजारच्या दोन घरांनी तिच्यातलीच माती पाट्यांनी नेऊन आपल्या माळवदावर टाकली आहे. त्यांच्याकडे आम्ही या शुक्रवारी जाऊन बसणार आहोत.