विश्लेषण : घरी मुद्रित केलेले गाणे स्टुडिओसारखे का वाटत नाही?

दौंडमध्ये हौसेने गाणी मुद्रित करणाऱ्यांची पहिली अडचण मायक्रोफोनची नसते, आगगाडीची असते. पुणे–सोलापूर मार्ग आणि मनमाडकडे जाणारा फाटा येथे मिळतो. इंजिनांचे भोंगे रात्रीही थांबत नाहीत. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी वेगळीच. तरीही ड्युटीवरून येऊन मोबाइलसमोर पेटी उघडणारे, भजनी मंडळातला अभंग घरी मुद्रित करू पाहणारे असतातच. पहिले मुद्रण ऐकून हिरमोड होतो आणि दोष गळ्यावर किंवा माइकवर जातो. खरे तर चुकते ती तुलना.

तुलना कशाशी होते?

‘सैराट’च्या (२०१६) संगीतातील वाद्यवृंदाचे मुद्रण लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत झाले. दहा बाय दहाच्या खोलीतले गाणे त्याच मोबाइलवर, त्याच इअरफोनवर, त्यानंतर लगेच ऐकले जाते. ‘शयनगृहातून थेट ग्रॅमी’ म्हणून बिली आयलिशचे उदाहरण हमखास दिले जाते. तिचा २०१९चा अल्बम भावाच्या खोलीत मुद्रित झाला, हे खरेच. पण त्याचे मिक्सिंग रॉब किनेल्स्की यांनी आणि मास्टरिंग जॉन ग्रीनहॅम यांनी केले; दोघेही या क्षेत्रातले व्यावसायिक. कथेचा हा भाग बहुधा गाळला जातो.

खोलीचा वाटा किती?

सर्वाधिक. सिमेंटच्या उघड्या भिंती आणि फरशी आवाज परतवतात. दहा फुटांच्या समांतर भिंतींमध्ये सुमारे ५६ आणि ११२ हर्ट्झचे सूर घुमतात. डग्ग्याची घूम याच पट्ट्यात येते, म्हणून तबला कुठे पोकळ तर कुठे फुगलेला ऐकू येतो. यावर महागडा कंडेन्सर माइक हा उपाय नव्हे. तो अधिक संवेदनशील असल्याने खोली, पंखा आणि भोंगा सारेच टिपतो. अशा जागी साधा डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरलेला बरा. अंतर एका फुटावरून सहा इंचांवर आणले की गळ्याचा आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, खोलीचा तेवढाच राहतो. मागे गोधड्या, खाली गादी, पंखा बंद. कानाला वायरचे हेडफोन. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोहोचतो आणि ताल सुटतो. भोंगा मात्र नंतर पुसता येत नाही, कारण त्याचे सूर पेटीच्याच सप्तकात असतात. गाडी जाऊ द्यायची आणि ओळ पुन्हा गायची. रेल्वेच्या गावात वेळापत्रक पाठ असणे हाही एक तांत्रिक गुणच!

पैसे मिळतात का?

मिळतील असे धरून उपकरणे घेऊ नयेत. रोज सुमारे एक लाख नवी गाणी ऑनलाइन येतात, असे मोठ्या संगीत कंपन्यांच्या प्रमुखांनी २०२२ मध्येच सांगितले होते. २०२४ पासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला मानधनच नाही. शिवाय तुकोबांचे शब्द सर्वांचे असले, तरी त्यांना लावलेली लोकप्रिय चाल संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्व हक्कात असते. यवत, वरवंडला पालखीच्या मुक्कामी म्हटलेल्या पारंपरिक चालीला ती अडचण नाही.

मग अपेक्षा कोणती ठेवावी?

शब्द स्पष्ट कळावेत, सूर-ताल सुटू नये आणि ऐकणाऱ्याला आवाज वाढवावा लागू नये, एवढी. दुसरी कसोटी स्वतःच्याच मागच्या महिन्याच्या मुद्रणाची. म्हणून फसलेली मुद्रणेही मोबाइलमधून पुसू नयेत. तारीख घालून ठेवावीत.