पेढीवरील श्वासाचा मुखवटा

अग्निशामक नळकांडे आता बहुतेक वखारींत टांगलेले दिसते. परंतु पोती उचलता उचलता एखादा हमाल कोसळला व त्याचा श्वास थांबला, तर काय करावयाचे, याचा विचार किती पेढ्यांनी केला आहे? छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीत १९६० साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथील तिघा संशोधकांनी प्रसिद्ध केली. ३० दाब व २ श्वास हे आजचे प्रमाण. छाती दाबण्यास माणूस एक वेळ धजतो. परक्याच्या मुखास मुख लावावयाचे म्हटले की भला गृहस्थही मागे सरतो. मध्ये धरावयाचे आवरण हवे ते याचसाठी.

किल्ल्यांच्या जुडग्यात मावणारा पातळ प्लॅस्टिकचा पडदा स्वस्त खरा. पण तो चेहऱ्यावर घट्ट बसत नाही व कडेने हवा निसटते. पॉकेट मास्क या नावाने मिळणारा फुगीर काठाचा मुखवटा नाकतोंड झाकतो. त्याची एकमार्गी झडप आपला श्वास आत सोडते, रोग्याचा उच्छ्वास मात्र आपल्या मुखाकडे येऊ देत नाही. तो पारदर्शक असावा, म्हणजे उलटी झाल्यास तत्काळ दिसते. पेढीसाठी हाच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. झडप बदलता येते ना, हेही पाहावे.

रोकडीप्रमाणे तो कुलपात मात्र ठेवू नये! मुखवटा सापडेपर्यंत हात थांबविणे घातक होय. ज्यास श्वास देण्याचे शिक्षण नाही, त्याने ११२ ला कळवून मिनिटास १०० ते १२० या गतीने केवळ छाती दाबत राहावे. सरावास दिवाणजींबरोबर हमालांनाही बसवावे. कोसळणारे शेटजीच नसतील, असे कोणी सांगावे?