थकलेला जीएसटी हप्त्यांनी भरता येतो, पण कोणाला?

नोकऱ्या आटल्या तसे आपल्या वस्त्यांतले अनेक तरुण ठेकेदारी, केटरिंग, मंडप डेकोरेशन अशा धंद्यांत उतरले. जीएसटीच्या थकबाकीचा आदेश हाती पडला की त्यांना सावकार आठवतो, नाहीतर धंदा बंद करावासा वाटतो. कायद्यात तिसरी वाट आहे, पण ती फारसे कोणी सांगत नाही.

केंद्रीय जीएसटी कायदा २०१७ च्या कलम ८० नुसार आयुक्त थकबाकी जास्तीत जास्त २४ मासिक हप्त्यांत भरू देऊ शकतात. अर्ज पोर्टलवर डीआरसी-२० नमुन्यात करायचा. रक्कम २५ हजारांपेक्षा कमी असेल तर सवलत नाही. व्याज चालूच राहते आणि एक हप्ता चुकला तरी उरलेली सगळी रक्कम एकदम भरावी लागते.

खरी मेख वेगळीच आहे. स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवलेल्या कराला हे हप्ते मिळत नाहीत. सरकारी कामाचे बिल महिनोन्महिने अडकते. कर मात्र पैसे हाती येण्याआधीच भरावा लागतो. म्हणजे तपासणीत निघालेल्या थकबाकीला मुदत मिळू शकते, स्वतः कबूल केलेल्या कराला नाही. घरचे भांडवल नसलेल्या पहिल्या पिढीच्या व्यावसायिकाला हा नियम सर्वांत जास्त बोचतो. छोट्या व्यावसायिकांसाठी तो बदलावा, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

तोवर एवढे करा : आदेश कपाटात ठेवू नका. भरण्यासाठी साधारणपणे तीन महिने मिळतात, त्यानंतर वसुली थेट बँक खात्यापर्यंत पोहोचते. अर्ज त्याआधीच करा, आणि झेपेल तेवढाच हप्ता मागा.