श्रीवर्धनला जाताय? मग वाडीतही जाऊन या

सलग दोन सुट्ट्या आल्या, की माणगाव-म्हसळा रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. मंडळी शनिवारी श्रीवर्धनला पोचतात, पुळणीवर फोटो काढतात, रात्री सुरमई खातात आणि रविवारी हरिहरेश्वराला हात जोडून परत फिरतात. काय पाहिलंत विचारलं, तर म्हणतात, समुद्र. अहो, समुद्र अलिबागलाही आहे. श्रीवर्धनचं जे खास, ते किनाऱ्याच्या अलीकडे, गडग्याच्या आत आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या! या वाड्यांचं सध्या काय चाललंय, हे आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना तरी माहीत असायला हवं.

3 जून 2020 चं निसर्ग वादळ कोणी विसरलेलं नाही. श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्याला त्याने सगळ्यात जास्त झोडपलं. पोफळ उंच आणि सडपातळ, मुळं वरवरची. काही तासांत पिढ्यांच्या बागा आडव्या झाल्या. भात गेलं तर पुढच्या पावसात पुन्हा लावता येतं. सुपारीचं तसं नाही. रोप लावल्यापासून फळायला सहा-सात वर्षं जातात. म्हणजे 2021 च्या पावसात लावलेलं रोप 2027-28 च्या सुमारास हाताशी येणार. तोवर खायचं काय?

सरकारने तेव्हा फळबागांची मदत हेक्टरी 50 हजारांवर नेली. रक्कम ऐकायला बरी वाटते. पण आपल्याकडे वाडी मोजतात गुंठ्यात. दहा गुंठेवाल्याचा हिशेब होतो पाच हजार रुपये. पडलेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरीदेखील त्यात भागत नाही.

मग मोकळ्या झालेल्या जागेत खोल्या उभ्या राहिल्या, तर नवल नाही. त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. घरात रोकड येते, पोरं मुंबईला जायची थांबतात. पण खोल्यांचा एक हिशेब कोणी मांडत नाही, तो पाण्याचा.

2.7 मीटर अंतराने लावल्या तर दहा गुंठ्यांत सव्वाशे-दीडशे पोफळी बसतात. उन्हाळ्यात ठिबकने एका झाडाला दिवसाला 15 ते 20 लिटर पाणी लागतं. म्हणजे वाडीची गरज झाली दोन-अडीच हजार लिटर. आता त्याच विहिरीवर चार खोल्या आणि बारा पाहुणे धरा. समुद्रावरून आलेला माणूस दोनदा अंघोळ करतो, शंभर-सव्वाशे लिटर सहज जातात. बारा जणांचे झाले बाराशे ते पंधराशे. म्हणजे पाहुण्यांनी वाडीचं निम्मं शिंपणं पळवलं. तेही एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा विहीर तळाला गेलेली असते. किनाऱ्यालगत उपसा वाढला, की खालून खारं पाणी विहिरीत शिरतं. एकदा ते शिरलं, की खोल्याही गेल्या आणि वाडीही.

म्हणून जाणाऱ्यांना सांगणं आहे, की खोली ठरवताना फोनवरच विचारा: वाडी आहे का, की नुसती पाटीवरच? वाडी राखलेल्या माणसाकडे उतरा, शे-दोनशे रुपये जास्त पडले तरी चालतील. सकाळी मालकाबरोबर शिंपणं बघा. पोफळीवर चढवलेले मिरीचे वेल बघा, जायफळ झाडावर कसं लागतं ते मुलांना दाखवा. थंडीत गेलात तर सुपारीची काढणी सापडेल. एका पोफळीवर चढलेला पाडेली खाली न उतरता झोका घेऊन दुसरी धरतो. सर्कशीला तिकीट काढता, इथे फुकट बघायला मिळतं! निघताना नारळ, मिरी आणि घरच्या खळ्यात वाळलेली रोठा सुपारी वाडीतूनच घ्या. दलाली वाचते, ती मालकाच्या पदरात पडते.

बाकीचं बघणं आहेच. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ इथलेच. जीवना बंदरावर होड्या लागल्या, की मासळी बघण्यासारखी असते, फक्त जून-जुलैत मासेमारी बंद असते हे ध्यानात ठेवा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटी बघूनच करा. तिथे माणसं वाहून गेलेली आहेत, गावकरी नको म्हणाले तर हुज्जत घालू नका. दिवेआगरला शेखाडीवरून किनाऱ्याच्या रस्त्याने जा. तिथला सुवर्ण गणेश 1997 साली बागेतच जमिनीखाली सापडला आणि तेव्हापासून गावात पाहुण्यांची रीघ लागली. 2012 ला दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला. 2021 ला गणपतीची पुन्हा स्थापना झाली.

आता वाडीवाल्यांसाठी दोन शब्द. कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र तुमच्या दाराशी, श्रीवर्धनलाच आहे. 'श्रीवर्धनी' हे वाण तिथलंच. ओळखीच्या माणसाकडून कसलंही रोप उचलण्यापेक्षा केंद्रात चौकशी करा. सुपारी लहान आहे तोवर मधे केळी घ्या, तिला सावली मिळते आणि तुम्हाला चार पैसे. अंघोळीचं पाणी गटारात सोडण्याऐवजी केळीच्या आळ्यात फिरवा, फक्त साबण बेताचा वापरायला सांगा. पाहुण्याला कारण समजावलं तर तो ऐकतो, असा माझा अनुभव आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर हरिहरेश्वर, दिवेआगरच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी असतात. गाडी पुळणीवर घालू नका, ती रुतते ते वेगळंच. हाताशी वेळ असेल तर बागमांडल्याहून फेरीबोटीने गाडीसकट वेसवीला उतरा आणि वेळासला जा. पिल्लं सोडायचं काम तिथले गावकरीच बघतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी गेलात तरच ती दिसतील.