आदिवासी स्त्रीचे मौन आणि चळवळीचे कर्तव्य

आदिवासी स्त्रीचे गुप्त दुखणे ही तिची खाजगी बाब आहे असे मानून गप्प बसण्याची रीत केवळ सरकारी आरोग्यखात्यातच नव्हे, तर लोकचळवळीतही रूढ आहे. ही रीत मोडणे आवश्यक आहे.

राणी बंग, अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत केलेली पाहणी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी शेकडा ९२ जणींना जननेंद्रियांचे विकार होते. दर स्त्रीमागे सरासरी ३.६. पूर्वी तपासणी व उपचार लाभलेल्या मात्र शेकडा ८ होत्या. जंगलपट्ट्यातील स्त्रीचे शरीर सरकारला आठवत होते ते बाळंतपणापुरते आणि कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे गाठण्यापुरते!

या दुखण्याला मनाची बाजूही आहे. गोव्यातील सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दारिद्र्य, नवऱ्याकडून होणारी लैंगिक जबरदस्ती, अंगावरून जाण्यासारख्या तक्रारी आणि नैराश्य यांचा परस्परसंबंध दिसून आला. ही पाहणी आदिवासी भागातील नव्हती. परंतु जिथे जमीन व जंगल हिरावले जाते आणि दवाखान्यात आपली भाषा जाणणारे कोणी नसते, तिथे हे ओझे हलके कसे असेल? अशा स्त्रीला अंधश्रद्ध ठरवणे म्हणजे व्यवस्थेचा गुन्हा तिच्या माथी मारणे होय.

या कोंडीतून वाट आहे. झारखंडातील पश्चिम सिंगभूम व सरायकेला-खरसावां आणि ओडिशातील केओंझर या आदिवासीबहुल जिल्ह्यांत २००५ ते २००८ या काळात ‘एकजूट’ संस्थेने स्त्रियांचे गट बांधले. एखाद्या स्थानिक स्त्रीच्या पुढाकाराने त्या दरमहा एकत्र बसून बाळंतपणाच्या अडचणींची चर्चा करीत व उपाय ठरवीत. असे गट नसलेल्या भागांच्या तुलनेत तीन वर्षांत नवजात अर्भकांचे मृत्यू शेकडा ३२ नी कमी झाले. तिसऱ्या वर्षी बाळंतिणींमधील मध्यम स्वरूपाचे नैराश्यही शेकडा ५७ नी घटले. एकटेपणावर संघटना हाही उपचार आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

मात्र संघटना ही दवाखान्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक उपकेंद्रात आडोशाची तपासणी, स्त्री कर्मचारी, पुरेशी औषधे व स्थानिक भाषा जाणणारा समुपदेशक मिळाला पाहिजे. आशा कार्यकर्तीला मानधनाऐवजी नियमित वेतन मिळाले पाहिजे. वनहक्काच्या प्रत्येक मोर्च्याच्या मागणीपत्रकात या मागण्यांना स्थान हवे.

आणि एक गोष्ट स्वतःच्या घरासंबंधी. मोर्च्यात आघाडीवर असणारा कार्यकर्ता घरी बायकोवर हात उगारत असेल, तर शाखेने ती ‘घरगुती बाब’ म्हणून सोडून देता कामा नये. स्त्रियांनी बोलावे असे म्हणणाऱ्या पक्षाने प्रथम त्यांचे ऐकून घेण्याची शिस्त अंगी बाणवली पाहिजे.